मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र: दोन पावसाळे वापरल्यावर

ज्या पुस्तकाबद्दल, म्हणजे मोठ्या अक्षरांच्या मराठी बायबलबद्दल, लिहितेय ते आज माझ्या घरात नाही. ते वास्कोला, सड्यावर, माझ्या वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर आहे. गेल्या रविवारी तिथं बसूनच मी त्याची शिवण, कागद, कव्हरची चेन सगळं पुन्हा एकदा पाहून घेतलं. दोन-तीन ओळखीच्या बायका विचारत होत्या की गोव्याच्या दमट हवेत हे टिकतं का, आणि साठीनंतरच्या डोळ्यांना खरंच वाचता येतं का. दोन्हींची उत्तरं देते. एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तीही सांगणार आहे. ती वगळून मला ह्या पुस्तकाबद्दल लिहिताच येणार नाही.

मी फोंड्याला राहते. 31 वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. माहेर मूळचं नगरकडचं. तिथं अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं आणि आमच्या घरात शास्त्र आलं ते त्याच मिशनच्या शाळेतून. वडील बंदरात नोकरीला लागले म्हणून आम्ही सड्याचे झालो. त्यांचं एक छोटं शास्त्र होतं, तळहातावर मावणारं, अक्षर मुंगीएवढं. ते माझ्याकडे आलं आणि चाळिशीपर्यंत मी तेच वाचलं. नंतर चष्म्याचा नंबर वाढत गेला तसं वाचणं कमी झालं आणि आठवणीवर भागवणं वाढलं. शब्बाथ शाळेत पाठ केलेली सुवर्णवचनं होती, ती म्हणायची आणि पुस्तक मिटून ठेवायचं.

पणजीच्या दुकानात इंग्रजी होतं, रोमी लिपीतलं कोकणी होतं, मराठी मोठ्या अक्षरांचं नव्हतं. शेवटी दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात भाचीने पुण्याहून आणून दिलं. पैसे घेतले नाहीत तिने, त्यामुळे किमतीबद्दल मी काही सांगू शकत नाही.

आधी अक्षराचं. आपल्या चौथीच्या बालभारतीत असतं साधारण तेवढं. मात्रा, वेलांट्या मोकळ्या, अनुस्वाराचा ठिपका ठिपकाच दिसतो, शाईचा डाग वाटत नाही. जोडाक्षरं फुटलेली नाहीत. मी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चष्मा लावून सलग दोन अध्याय वाचते आणि डोळ्यांतून पाणी येत नाही. पानाखालच्या संदर्भांचं अक्षर मात्र बारीकच ठेवलंय, ते मला भिंगाशिवाय दिसत नाही. एका वचनावरून दुसऱ्यावर जायची ज्यांना सवय आहे त्यांचा इथं हिरमोड होईल.

वजन दीड किलोच्या आसपास असावं. अंथरुणात पडून, छातीवर धरून वाचता येणार नाही. टेबलावर ठेवायचं आणि त्याच्यावर वाकून वाचायचं. पहिल्या आठवड्यात मान दुखली, मग शाळेतलं माझं जुनं लाकडी पुस्तकठाणं माळ्यावरून काढलं. कागद पातळ आहे, मागची छपाई झिरपून दिसते. पेन्सिलनेही जोर देऊन रेघ मारली की दुसऱ्या बाजूला वळ उठतो. भाषा जुन्या वळणाची आहे, ‘ह्यास्तव’, ‘आपणाला’ अशी. मला ती प्रिय आहे, माझ्या नातवाला ती अडते. आणखी एक, कॅथलिक शेजारणींसाठी: ह्या प्रतीत 66 पुस्तकं आहेत, तुमची 73 असतात. घेताना तेवढं बघून घ्या.

आता आठवणीवर भागवण्याचा माझा जो दोष, त्याकडे येते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं, वेदीपाशी दान आणणाऱ्या माणसाचं वचन मला पाठ होतं. म्हणजे पाठ आहे असं मी 50 वर्षं समजत होते. माझ्या डोक्यात ते असं होतं: दान अर्पण करताना तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर आधी जा, समेट कर. आणि ह्या समजुतीवर मी निर्धास्त होते. आईच्या मृत्यूनंतर दादाशी बोलणं तुटलं त्याला सात वर्षं झाली होती, आणि माझ्या मनात दादाविरुद्ध काही नाही हे मी स्वतःला दर प्रभुभोजनाच्या वेळी सांगत आले होते. उलट मी त्याला फोनवर वचनं पाठवायचे. सत्तर वेळा सात क्षमा करावी, राग सूर्यास्तापर्यंत ठेवू नये. तो उत्तर द्यायचा नाही, म्हणजे कठोर तोच, असं मी धरून चालले होते.

फेब्रुवारीतली सकाळ होती. ठाण्यावर पुस्तक ठेवलेलं, बोट फिरवत वाचत होते, जसं पहिलीच्या मुलांना शिकवायचे. छापलेलं होतं: ‘आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे’. भावाच्या मनात. मी पुन्हा वाचलं. षष्ठीचा प्रत्यय कुठं लागलाय हे मी 31 वर्षं मुलांना दाखवत आले आणि ह्या एका वाक्यात तो मीच उलटा लावून ठेवला होता. माझ्या मनात काय आहे हा प्रश्नच तिथं नाही. त्याच्या मनात माझ्यामुळे काय राहिलंय, हे बघायला सांगितलंय. आणि दान तिथंच ठेवून निघायला सांगितलंय. येशू हे बोलला गालीलात आणि वेदी तर यरुशलेमला. ऐकणाऱ्यांना कळलं असेल की दान तिथं सोडून घरी परतायचं म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट, आणि समेट झाला की तेवढंच अंतर पुन्हा. मला फोंड्याहून सड्याला जायला तीन बस लागतात.

तरी मी लगेच निघाले नाही. दादाच्या मनात काय असेल ह्याचा विचार करत महिनाभर घालवला. वडिलांच्या खोलीचा कागद, माझ्या मुलाच्या लग्नाला तो आला नाही ते, अशा गोष्टी मोजत राहिले. आणि एके दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं की त्या वचनातला ‘भाऊ’ दादा नाहीच. वहिनी आहेत.

काय झालं होतं ते लिहिते. आई शेवटची दोन वर्षं दादाकडे अंथरुणावर होती. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचे, सफरचंदं, मोसंबी घेऊन. ती गेल्यावर स्मरणाची उपासना झाली, मंडळीची माणसं चहाला थांबली होती, आणि मी सगळ्यांच्या देखत वहिनींना म्हणाले, “वेळच्या वेळी औषध दिलं असतं तर आई अजून असती.” ते खोटं होतं. औषधांची वही वहिनींनी लिहिलेली होती, तारीखवार, मी ती डोळ्यांनी पाहिली होती. माझ्याकडून आईचं काही झालं नाही ही टोचणी मला सहन होत नव्हती, ती मी दुसऱ्याच्या अंगावर टाकली. वहिनी काही बोलल्या नाहीत. ट्रे उचलून आत गेल्या. दादा मात्र बोलला, आणि सात वर्षं मला आठवत राहिलं ते फक्त दादाचं बोलणं.

त्या दिवसानंतर मी वास्कोच्या मराठी उपासनेला जाणं सोडलं. मडगावला इंग्रजी उपासनेला बसायचे. तिथली माणसं चांगली आहेत, पण नारायण वामन टिळकांची गीतं टाळ-पेटीवर म्हणत वाढलेल्या माणसाला काय सुटलं ते त्यालाच कळतं. दादाचं घर सुटलं तसं तेही सुटलं होतं.

मोठ्या अक्षरांचा मला झालेला दुसरा उपयोग म्हणजे मी उत्पत्तीतली याकोब-एसावाची गोष्ट पहिल्यांदा सावकाश वाचली. लहानपणी ती फसवाफसवीची गोष्ट म्हणून ऐकलेली, याकोबाने आपल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद फसवून घेतला ती. 32व्या अध्यायात याकोब भावाच्या भीतीने पुढे भेट पाठवतो: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या सांडणी पिलांसकट, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी, 10 गाढवं. कळपांमध्ये अंतर ठेवून, म्हणजे एसावाला एकामागून एक भेटत राहतील. मी वाचत होते आणि माझ्याच कपाटातली मोरपंखी साडी मला दिसत होती, वहिनींसाठी नेऊ म्हणून काढून ठेवलेली. पुढच्या अध्यायात भाऊ समोर येतो तेव्हा एसाव म्हणतो, माझ्याकडे पुष्कळ आहे. कळपांनी काम झालेलं नसतं. याकोब लंगडत पुढे होऊन सात वेळा भूमीपर्यंत लवतो. ज्याने आशीर्वाद चोरला, ज्याच्यापुढे भावांनी लवावं असा तो आशीर्वाद होता, तोच लवतो. तिथं बोट थांबलं माझं. साडी परत कपाटात ठेवली.

आपल्या मराठी शास्त्रात नम्रतेसाठी ‘लीनता’ हा शब्द येतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल लीनतेने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानायला सांगतो. मुलं विचारायची, बाई, नम्र आणि लीन एकच का? मी हो म्हणायचे. आता म्हणणार नाही. नम्र माणूस नमस्कार करून आपल्या जागी उभा राहू शकतो. लीन व्हायचं म्हणजे आपली जागाच सोडायची.

काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं. पहिल्या खर्ड्यात चार ओळी होत्या आणि तीन ठिकाणी ‘पण’ होता. मी दुःखात होते पण, तुम्हीही त्या वेळी पण, असं. लाल पेनने तिन्ही खोडले. ‘पण’ गेल्यावर दीड ओळ उरली.

सप्टेंबरात, मोंतीच्या फेस्ताच्या, म्हणजे मरियेच्या जन्माच्या सणाच्या, आदल्या शनिवारी गेले. पुस्तक पिशवीत होतं. एवढं जड ओझं तीन बसमधून का नेलं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, सोबत हवी होती एवढंच. बोरीचा पूल ओलांडून मडगावकडे जाणाऱ्या त्या रस्त्यापासून राशोल लांब नाही. थॉमस स्टीफन्स ह्या जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि 1616 साली ती राशोलला छापली गेली, रोमी अक्षरांत. त्या छापील प्रतींपैकी आज एकही उरलेली नाही, ओव्या मात्र लोकांनी हातांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. खिडकीतून बघताना ते मनात आलं आणि गेलं. मडगावला वास्कोची बस धरली, वास्कोला सड्याची मिनीबस.

दार दादाने उघडलं. त्याचे केस पूर्ण पांढरे झालेत. तो बाजूला झाला, बोलला नाही. मी म्हटलं, “दादा, मला आधी वहिनींशी बोलायचंय. एकटीशी.” मत्तयाच्या अठराव्यात एकांती जायला सांगितलंय, आणि मी तर पाप चारचौघांत केलं होतं. दादाने चपला घातल्या आणि खाली गेला.

वहिनी स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होत्या. मी मोरीपाशी उभी राहिले आणि म्हटलं, “वहिनी, आईच्या उपासनेनंतर मी जे बोलले ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मला क्षमा करा.”

त्यांनी वर पाहिलं नाही. कल्ल्यातून बोट घालून आतलं काढलं, बांगडा पाण्यातून काढून ताटलीत ठेवला, दुसरा घेतला. “हे दोन राहिलेत,” म्हणाल्या. मी उभी राहिले. दोन्ही झाल्यावर त्यांनी हाताला चिंच-मीठ चोळलं, धुतले, पदराला पुसले आणि पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, “वन्सं, त्या दोन वर्षांत मी एकही रात्र सलग झोपले नाही.”

आणि त्या सांगत गेल्या. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. गजराचं घड्याळ उशीखाली ठेवायच्या, दादाची झोप मोडू नये म्हणून. आई कधी त्यांना ओळखायची नाही आणि मला हाका मारायची. त्यांनी माझ्या आवाजात ‘ओ’ दिलेली होती. हे मला माहीत नव्हतं. मी आणलेली मोसंबी आईला चालायची नाहीत, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून त्या ती माझ्यासमोर सोलायच्या. तासभर त्या बोलल्या. मधे चार-पाच वेळा माझं तोंड उघडलं, मला काही सांगायचं होतं, माझी बाजू. दर वेळी मिटलं. क्षमा मागणं त्यामानाने सोपं होतं, दीड ओळीचं होतं. हे ऐकून घेणं कठीण गेलं.

शेवटी वहिनी म्हणाल्या, “क्षमा केली असं आज म्हणाले तर तेही खोटं होईल.” मी बरं म्हटलं. त्या चहा ठेवायला उठल्या आणि माझी पिशवी त्यांच्या पायाला लागली. “एवढं जड काय आणलंत?”

मी काढून दिलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी मधेच कुठलं तरी पान उघडलं, पुस्तक खिडकीकडे वळवलं आणि म्हणाल्या, “हे दिसतं की मला.” मग पुन्हा, जरा मोठ्याने, “अहो वन्सं, हे दिसतंय मला.” स्तोत्रं होती. त्यांनी एक वाचलं, अडखळत, अर्धं. दादा तेवढ्यात वर आला आणि दारातच उभा राहिला. गेल्या चार वर्षांत वहिनींनी काही वाचलं नव्हतं, असं तो मला नंतर म्हणाला.

निघताना मी पुस्तक ठेवून घ्या म्हटलं तर त्या नको म्हणाल्या. “देऊ नका मला. राहू दे इथं. पुढच्या रविवारी न्यायला या.”

त्या रविवारी मी गेले, उपासनेलाही गेले. तेव्हाच्या त्या चहाला हजर असलेल्यांपैकी चार जणी अजून मंडळीत आहेत. एकेकीला बाजूला घेऊन मी सांगितलं की ते खोटं होतं. दोघींना ते आठवतही नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं, साक्ष द्याल का सगळ्यांसमोर? मी नाही म्हटलं. माझ्या चुकीवर पुन्हा सगळ्यांचे डोळे माझ्याकडेच वळावेत हे मला नको होतं.

याकोब आणि एसाव गळ्यात पडून रडले, आणि तरी पुढे याकोब एसावाबरोबर सेईरला गेला नाही, सुक्कोथला गेला. ते मला आता समजतं. वहिनी आणि मी काही मैत्रिणी झालेल्या नाहीत. काही रविवारी त्या गप्प असतात आणि मी ओळखते की आज त्यांना ते वाक्य आठवलंय. मग मी भांडी घासते किंवा नुसती बसते.

आता हवेचं, कारण तेच विचारलं होतं. पहिला पावसाळा पुस्तक फोंड्याला होतं. जुलैत काळ्या कव्हरवर पांढरी बुरशी आली. कोरड्या सुती फडक्याने पुसली, उन्हात ठेवलं नाही, कारण उन्हात कव्हर आखडतं. कपाटात न ठेवता रोज उघडायचं, हाच खरा उपाय. पानांच्या सोनेरी कडा सुरुवातीला एकमेकांना चिकटतात, अंगठ्याने हळू सोडवाव्या, ओढू नयेत. शिवण मजबूत आहे. मधे उघडं ठेवलं तर सपाट राहतं, पाठ मोडत नाही. खुणेची फीत एकच दिली आहे आणि ती दोऱ्यांनी सुटायला लागली होती, टोकाला गाठ मारली. शेवटचे नकाशे धूसर आहेत.

दुसरा पावसाळा सड्यावर गेला, म्हणजे समुद्राच्या तोंडावर. तिथं चेन धरली. खाऱ्या वाऱ्याने दात हिरवट झाले आणि ऑगस्टात ती अर्ध्यातच अडायला लागली. घेणार असाल तर बिनचेनचं, साध्या पुठ्ठ्याच्या बांधणीचं मिळालं तर ते घ्या. चेनवालंच मिळालं तर जोर लावू नका, कव्हर उसवतं. मी ओढत बसले होते तेव्हा वहिनींनी माझ्या हातून पुस्तक घेतलं, ड्रॉवरमधून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर वरपासून खालपर्यंत घासला. चेन सरकली. तुकडा त्यांनी पुस्तकाशेजारीच ठेवला आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी तुम्ही घासा. माझे हात आता दुखतात.”